लक्ष्मीबाईंची वेगळी चूल

आमच्या ठाकूरद्वारच्या चाळीत, खोलीच्या माळ्यावर, आजीची एक पत्र्याची ट्रंक होती. आजी गेल्यानंतर तिच्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. गेल्या वर्षी आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार अभ्यासाला आला आणि सरांनी 'स्मृतिचित्रे' वाचून या असे वर्गात सांगितले, तेव्हा ते पुस्तक आजीच्या ट्रंकेत असल्याची मला आठवण झाली. शिडी लावून मी ट्रंक उघडली. दोन जरीकाठी लुगडी, एक पंचपात्री, जुनी पंचांगे आणि त्यांच्याखाली जीर्ण झालेले ते पुस्तक. पहिली दोन पाने गेलेली, पाठीला खळ लावून कापडाची पट्टी चिकटवलेली आणि मधूनमधून समासात शिसपेन्सिलीच्या बारीक रेघा. आजीची शाळा चौथीपर्यंतच झालेली होती. पण हे पुस्तक तिने किती वेळा वाचले होते, हे त्या रेघांवरून कळत होते.

ते पुस्तक उघडताना मी कोणत्या मनःस्थितीत होते, हे सांगितल्याशिवाय पुढचे सांगता येणार नाही. आमच्या दोन खोल्या शेजारीशेजारी आहेत. एकीत आम्ही राहतो, दुसरीत काका. दोन्ही खोल्यांच्या भाडेपावत्या आजोबांच्या नावावर होत्या. आजोबा गेल्यावर त्या दोन्ही पावत्या काकांनी आपल्या नावावर करून घेतल्या आणि ते बाबांना कळले ते वर्षभराने, तेही परक्याच्या तोंडून. मी तेव्हा बारा वर्षांची होते. त्या संध्याकाळी गॅलरीत जे बोलणे झाले ते सगळ्या मजल्याने ऐकले. त्यानंतर आठ वर्षे दोन्ही घरांत शब्द नव्हता. एकाच गॅलरीत दोन दोऱ्यांवर दोन घरांचे कपडे वाळत. पण वारा सुटून एखादा कपडा पलीकडे गेला, तर तो उचलून देण्याऐवजी कठड्यावर टाकून ठेवला जाई. आता चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाल्यापासून तर कोणाच्या नावावर काय आहे, ह्याखेरीज घरात दुसरा विषय नव्हता. बाबा गप्प असत. राग खरा धरला होता तो मी. काकांची चाहूल लागली, की माझ्या कपाळाची शीर उडू लागे आणि हा राग म्हणजे वडिलांवरची माझी निष्ठा आहे, असे मी स्वतःला समजावीत असे.

तेव्हा क्षमा, शांती असल्या शब्दांची मला चीडच होती. 'स्मृतिचित्रे' मी उघडले ते परीक्षेसाठी. त्यात मला प्रथम जी बाई भेटली ती संत नव्हती. ती रागावलेली, दुखावलेली, हट्टी आणि विलक्षण विनोदी बाई होती. म्हणूनच मी तिच्यामागून शेवटपर्यंत गेले.

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजी नाशिकजवळच्या गोदाकाठच्या जलालपूर गावी झाला. माहेरचे आडनाव गोखले, नाव मनकर्णिका; घरी सगळे मनू म्हणत. त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे विलक्षण वेड होते. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची, आणि ही धुण्याची सक्ती मीठ-साखरेपर्यंत गेलेली. मुलांनी कोणाला शिवले, कोठे बसले, ह्याचा हिशेब सारखा चाललेला. लक्ष्मीबाईंनी पुढे हे सारे हसत हसत सांगितले आहे. परंतु लहान मुलाच्या अंगात विटाळाची भीती कशी मुरते, हे त्या हसण्यातूनही दिसल्यावाचून राहत नाही. पुढे त्यांच्या आयुष्यात जी मोठी लढाई झाली, तिचे बी ह्या घरातच रुजलेले होते.

वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळक ह्यांच्याशी झाले. हे टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत. 'फुलामुलांचे कवी' म्हणून पुढे ओळखले गेलेले रेव्हरंड टिळक. त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी दापोली तालुक्यातील करजगावचा. आई गेल्यानंतर त्यांनी लहानपणीच घर सोडले होते, नाशिकला राहून संस्कृत विद्या मिळविली होती. बुद्धी तल्लख, वाणी ओघवती, हृदय अतिशय कोवळे. परंतु स्वभाव तापट आणि पाय एका जागी न ठरणारा. नोकरी धरायची आणि सोडायची, मनात आले की उठून चालू लागायचे, घरी कळवायचे ते नंतर कधीतरी. पैसा हातात आला की ज्याला गरज दिसेल त्याला देऊन मोकळे व्हायचे. मग घरात पीठ आहे की नाही हे बायकोने पाहावे. लक्ष्मीबाईंचा सुरुवातीचा संसार म्हणजे कधी सासऱ्यांच्या करड्या नजरेखाली, कधी माहेरी, कधी बहिणीकडे असा विखुरलेला. सासरे संशयी आणि कडक. विद्यानंद नावाचा मुलगा लहानपणीच गेला. अशा संसारात नवऱ्याने शिकवलेली अक्षरओळख हाच काय तो त्यांना मिळालेला दागिना.

पुढे टिळक नागपूरला गेले. तेथे १८९१ साली दत्तू जन्मला. हाच पुढे देवदत्त नारायण टिळक. संसार आता कोठेतरी स्थिरावेल असे वाटत असतानाच १८९३ च्या सुमारास राजनांदगावला जाताना आगगाडीत टिळकांची एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. बोलता बोलता धर्माचा विषय निघाला. त्या गृहस्थाने त्यांना नवा करार वाचायला दिला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळक ते पुस्तक वाचू लागले आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन थबकले. शत्रूवर प्रीती करावी, जो छळतो त्याच्यासाठी प्रार्थना करावी, वेदीवर अर्पण ठेवताना भाऊ आपल्यावर रुष्ट आहे असे आठवले तर अर्पण तसेच ठेवून आधी भावाशी समेट करावा, अशी ती शिकवण. तिने ह्या तापट माणसाची पकड घेतली. दोन वर्षे मनाशी झगडून १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ह्या घटनेचे वजन आज आपल्याला एकदम कळणार नाही. त्या आधी पाचच वर्षे, १८९० साली, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा-बिस्किटे घेतली, एवढ्यावरून केवढे मोठे ग्रामण्य झाले होते! न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक ह्यांच्यासारख्यांनाही त्या प्रकरणात प्रायश्चित्त घ्यावे लागले. नुसत्या चहाची ही कथा, तर बाप्तिस्म्याची काय असेल? ख्रिस्ती झालेला माणूस घरच्यांना मेल्यासारखाच. आणि त्याची बायको? नवरा जिवंत असून ती विधवेसारखी, आणि विधवाही नाही. कपाळाला कुंकू आहे, पण ज्याच्या नावाचे ते कुंकू त्याच्या हातचे पाणी चालत नाही, अशी तिची अवस्था. पंडिता रमाबाईंचे धर्मांतर १८८३ साली झाले, त्यांनी १८८९ साली आमच्या गिरगावाच्या चौपाटीजवळ शारदासदन उघडले, तेव्हापासून ह्या विषयावर महाराष्ट्र आधीच पेटलेला होता. त्या आगीत लक्ष्मीबाई सापडल्या. वय अवघे सव्वीस, पदरी तीन-चार वर्षांचा मुलगा.

टिळकांनी हे पाऊल उचलले तेव्हा त्या त्यांच्याजवळ नव्हत्या. बातमी आली ती दुसऱ्यांकडून. मला पुस्तकातला हा भाग वाचताना राहून राहून आमच्या पावत्यांची आठवण होत होती. मोठी गोष्ट झाली ह्याचे दुःख एक. पण ती आपल्याला वगळून झाली, आपल्याला विचारले नाही, हा काटा निराळाच. लक्ष्मीबाईंच्या रागात ख्रिस्ती धर्माबद्दलची भीती होती, लोकलज्जा होती, मुलाच्या भवितव्याची काळजी होती. परंतु सगळ्याच्या मुळाशी, माझ्या ह्या माणसाने मला न सांगता माझे आयुष्य उलथून टाकले, ही जखम होती. त्यांनी अंथरूण धरले. नातेवाइकांनी त्यांना सांभाळले आणि काही काळ त्या आपल्या माणसांबरोबर पंढरपुरास जाऊन राहिल्या. ज्या गावात सगळा महाराष्ट्र आपल्या देवाला भेटायला येतो, त्या गावात ही बाई आपल्या नवऱ्याशी मनातल्या मनात भांडत दिवस काढीत होती. कविता करण्याची ओढ तिला ह्याच दुःखात लागली. तिकडे टिळकही कविता करीत होते. दोघांचा विरह दोघांच्याही ओळींत उतरत होता. समेट मात्र होत नव्हता.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. १८६६ सालापासून असा कायदा अस्तित्वात होता, की ख्रिस्ती झालेल्या माणसाची पत्नी किंवा पती धर्मांतरामुळे त्याच्याजवळ नांदावयास तयार नसेल, तर त्याला न्यायालयात जाऊन तो विवाह रद्द करून घेता येई आणि दुसरा करता येई. टिळकांना हा मार्ग मोकळा होता. त्यांनी तो धरला नाही. दुसरे लग्न केले नाही. ते पत्रे लिहीत राहिले, कधी विनवणीची, कधी रागाची. लक्ष्मीबाईही पत्रांतून भांडत राहिल्या. मला वाटते, समेटाची पहिली पायरी हीच होती, की दोघांपैकी कोणीही भांडण सोडून निघून गेले नाही. माणसे जोपर्यंत भांडतात तोपर्यंत त्यांच्यात काहीतरी शिल्लक असते. आमच्या गॅलरीत ते भांडणही संपले होते.

सुमारे साडेचार वर्षांनी लक्ष्मीबाई परत आल्या. टिळक त्या वेळी अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करीत होते. परत आल्या म्हणजे त्यांनी सारे विसरून पायावर डोके ठेवले, असे मुळीच नाही. धर्म बदलण्याची सक्ती होणार नाही हे आधी नक्की करून घेतले. राहणे वेगळे, स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. एका नवऱ्याबायकोचा संसार आणि त्यात दोन चुली! ज्यांच्यावर रागावण्याचा टिळकांना सवयीने हक्क होता, त्यांच्या सोवळ्याची सोय आता टिळकच पाहत होते. मिशनच्या मंडळींत ते चेष्टेचा विषय झाले असतील, तरी त्यांनी ती चूल मोडायला लावली नाही.

माझ्या मते लक्ष्मीबाईंच्या चरित्राचा गाभा ह्या वेगळ्या चुलीत आहे. आम्हांला लहानपणापासून शिकवतात, की क्षमा म्हणजे झाले गेले गंगेला मिळाले. लक्ष्मीबाईंनी काहीही गंगेला मिळू दिले नाही. आपले म्हणणे, आपले पाणी, आपली भांडी सांभाळून त्या एवढेच करायला तयार झाल्या, की ह्या माणसाच्या जवळ राहून त्याच्याकडे पुन्हा एकदा पाहायचे. मन अजून मऊ झालेले नव्हते. फक्त अंतर कमी झाले होते. आणि अंतर कमी झाल्यावर मनाला आपले काम करायला जागा मिळाली.

जवळ राहिल्यावर त्यांना दिसले, की हा पूर्वीचा माणूस आहे आणि नाहीही. उधळेपणा तोच, अधीरपणा तोच. पण रागाच्या भरात बोलल्यावर आता त्याला मनापासून पश्चात्ताप होतो, तो देवापुढे गुडघे टेकतो आणि माणसापुढेही नमतो. नगर जिल्ह्यात राहुरीला असताना जातिभेदाचा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या मनात घोळू लागला. जन्म एका रीतीने, मरण एका रीतीने, भूकतहान सगळ्यांना सारखी. मग ही उतरंड देवाने रचली की माणसाने? ज्या बाईच्या बालपणी मीठसुद्धा धुऊन घेतले जात होते, तिने एके दिवशी मनाशी निश्चय केला की ही उतरंड माणसाची आहे आणि आपण ती मानायची नाही. त्यानंतर कोणाच्याही हातचे पाणी त्यांना वर्ज्य राहिले नाही. पुढे १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने ओढले म्हणून नव्हे. त्याने ओढणे थांबविले आणि वाट पाहिली, म्हणून.

येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत एक अट आहे. आम्ही दुसऱ्यांना जशी सूट देतो तशी तू आम्हांला दे, असे त्यात देवाजवळ मागायचे असते. म्हणजे क्षमा मागण्यासाठी तोंड उघडले, की क्षमा करण्याची जबाबदारी आपोआप अंगावर येते. किती वेळा क्षमा करावी ह्या प्रश्नालाही येशूने जो आकडा सांगितला तो हिशेब ठेवणाऱ्याला चक्रावून टाकणारा आहे. लक्ष्मीबाईंना ही प्रार्थना रोज करावी लागत असणार आणि टिळकांसारख्या नवऱ्याबरोबर संसार करताना तो मोठा आकडाही अपुराच पडला असेल! कारण ख्रिस्ती झाल्यावर त्यांच्यातली भांडणे संपली नाहीत. टिळक पगार वाटून टाकीतच राहिले, न सांगता पाहुणे आणीतच राहिले. परंतु आता रुसवा रात्रभर टिकत नसे. त्यांच्या लिखाणातला विनोद मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. ज्याच्यावर आपण मनापासून हसू शकतो, त्याच्याविषयी मनात विष उरलेले नसते.

आणि ही क्षमा घरापुरती राहिली नाही. दुष्काळाच्या आणि प्लेगच्या त्या वर्षांत टिळकांचे घर पोरक्या मुलांनी भरून गेले. कोणाची जात कोणी विचारली नाही. त्यांना न्हाऊ-माखू घालणारे, त्यांच्या उवा काढणारे, त्यांच्या दुखण्यात रात्री जागणारे हात त्याच मनूचे होते, जिला कोणाला शिवण्याची परवानगी नव्हती. कोवळ्या वयाचे बालकवी ठोमरे नगरला त्यांच्या घरी येऊन राहिले, तेव्हा त्यांना तेथे घरचा जिव्हाळा मिळाला. १९१८ साली भादली स्टेशनजवळ आगगाडीखाली बालकवींचा अंत झाला. ते दुःख लक्ष्मीबाईंना घरातल्या मुलाच्या दुःखासारखेच झाले. ज्या नातेवाइकांनी टिळकांचे नाव टाकले होते, त्यांच्याशीही हळूहळू येणेजाणे सुरू झाले. पंगतीत नसेल, पण ओटीवर. ताटात नसेल, पण शब्दांत.

टिळकांनी १९१७ साली मिशनची चाकरी सोडली. ख्रिस्त हा परदेशी वेषात नव्हे, तर भारतीय संतांच्या परंपरेत उभा राहावा, ह्या ध्यासाने त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. ९ मे १९१९ रोजी त्यांचे मुंबईत निधन झाले. ज्या शहरात घेतलेल्या बाप्तिस्म्याने लक्ष्मीबाईंचे एकदा सर्वस्व गेले होते, त्याच शहरात चोवीस वर्षांनी त्यांचे सर्वस्व पुन्हा गेले. पहिल्या वेळी त्यांनी त्याला शाप दिला असेल. दुसऱ्या वेळी त्याचे अपुरे काम उचलले. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य सुरू करून अकराच अध्याय लिहिले होते. लक्ष्मीबाईंनी पुढे ६४ अध्याय रचले. जिला जोडाक्षरे लिहिताना अडायला होई, तिने नवऱ्याच्या धर्माचे, ज्या धर्माने तिचा संसार मोडला होता त्या धर्माचे, काव्य ओवीओवीने तडीस नेले. क्षमेचा ह्याहून मोठा पुरावा मला तरी माहीत नाही.

नंतर त्या काही काळ मुलाजवळ कराचीला होत्या, अखेरीस नाशिकला आल्या. देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते, म्हणून आईने आठवणी सांगाव्यात, लिहाव्यात असे ठरले. त्या आठवणींचे 'स्मृतिचित्रे' झाले. त्याचे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकलाच लक्ष्मीबाईंचे निधन झाले. त्या स्वतःला साहित्यिक समजत नव्हत्या; तरी मराठी आत्मचरित्रांत त्यांचे पुस्तक अगदी पुढच्या रांगेत गणले जाते.

वर्गात ह्या पुस्तकावर चर्चा झाली तेव्हा एका मैत्रिणीने रोखठोक आक्षेप घेतला. तिचे म्हणणे असे, की नवऱ्याने वाटेल ते करावे आणि बायकोने समजून घ्यावे, हीच जुनी गोष्ट येथेही आहे. तिला क्षमेचे नाव देऊन आपण अन्यायाला हार घालतो. आक्षेप हलका नाही. मीही त्यावर पुष्कळ विचार केला. त्या काळच्या बाईपुढे मार्ग फार थोडे होते हे खरेच. पण लक्ष्मीबाईंनी अन्याय झाकला असता तर आपल्याला तो कळलाच नसता. टिळकांचा संताप, त्यांचे निघून जाणे, सासऱ्यांचा जाच, आपली उपासमार हे सारे त्यांनी पस्तीस-चाळीस वर्षांनंतरही लख्ख आठवून सांगितले आहे. एकही प्रसंग पुसलेला नाही. फक्त त्या प्रसंगांतले विष तेवढे नाहीसे झालेले आहे. विसरणे ही क्षमा नव्हे, शरण जाणे ही क्षमा नव्हे, हे मला त्या पुस्तकाने शिकवले. झालेले तसेच्या तसे आठवावे आणि तरीही त्या माणसाकडे नव्या नजरेने पाहता यावे, ह्याला कदाचित क्षमा म्हणत असतील. आणि ती एकट्याने पुरी होत नाही. टिळक नमले नसते, वेगळ्या चुलीला त्यांनी जागा दिली नसती, तर लक्ष्मीबाई आयुष्यभर पंढरपुरातच राहिल्या असत्या आणि त्यात त्यांचे काही चुकले असते असे मी म्हणणार नाही.

आमच्या चाळीतून खाली उतरून चर्नी रोडच्या दिशेने चालू लागले, की खोताची वाडी लागते. तिथली लाकडी घरे, त्यांचे जिने, गल्लीतला क्रूस मी लहानपणापासून पाहत आले आहे. एका बाजूला रामाचे देऊळ, दुसऱ्या बाजूला क्रूस, आणि फुलवालीच्या टोपलीतले झेंडूचे हार दोन्हीकडे जाणारे. पुस्तक वाचून झाल्यावर एका संध्याकाळी त्या क्रुसापाशी मी थोडा वेळ उभी राहिले. मी ख्रिस्ती नाही. पण भावाशी समेट केल्याशिवाय अर्पण करू नये, हे वाक्य सांगणारा कोण होता, ह्याचा विचार करताना मला माझ्या घरातले दोन भाऊ दिसत होते. आठ वर्षे दोघांच्याही देव्हाऱ्यात रोज फुले वाहिली जात होती.

त्याच आठवड्यात आईकडून कळले, की काकांच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले आहे, काही दिवस वाचायचे नाही आणि त्यांचा दिवस जाता जात नाही. आणखी एक गोष्ट मला तेव्हाच आठवली. आजी गेल्यावर काकांनी एका शेजाऱ्याकरवी हे पुस्तक मागितले होते. ट्रंक आमच्याकडे होती. पुस्तक सापडत नाही, असे मी सांगून पाठवले होते. तेव्हा मी चौदा वर्षांची होते. ते कोठे आहे हे मला चांगले ठाऊक होते. पावत्यांचा हिशेब मी आठ वर्षे तोंडपाठ ठेवला होता; ह्या पुस्तकाचा हिशेब मात्र कधीच मांडला नव्हता.

दुपारी बाबा कामावर असताना मी पुस्तक घेऊन पलीकडच्या दाराशी गेले. दार नेहमीप्रमाणे उघडेच होते. काकूंनी माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता खुर्चीवरचे कपडे उचलून जागा केली. मी काकांना सांगितले की पुस्तक तेव्हा सापडत होते, मी खोटे सांगितले होते. ते काळ्या चष्म्याआडून माझ्याकडे तोंड करून बराच वेळ बसून राहिले. पावत्यांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. मग मी जलालपूरच्या सोवळ्यापासून वाचायला सुरुवात केली. मीठ धुण्याच्या प्रसंगाला काका हसले. ते हसणे हुबेहूब बाबांसारखे होते. आठ वर्षांत मी ते विसरून गेले होते.

संध्याकाळी मी बाबांना सारे सांगितले. ते रागावले नाहीत आणि आनंदलेही नाहीत. वाचन कुठपर्यंत आले, एवढेच त्यांनी विचारले.

पावत्या अजून काकांच्याच नावावर आहेत. त्या प्रश्नाची तड लागायला हवी आणि ती कागदावरच लागायला हवी, ह्याबद्दल माझे मत बदललेले नाही. लक्ष्मीबाईंनीही आपल्या अटी आधी ठरवून घेतल्या होत्याच. आमच्या चुली वेगळ्या आहेत आणि वेगळ्याच राहतील. पण आठवड्यातून दोन-तीन दुपारी मी पलीकडे जाते. आम्ही आता अहमदनगरपर्यंत आलो आहोत. गेल्या रविवारी बाबा गॅलरीत कठड्याला टेकून उभे होते. खोलीत आले नाहीत. पण मी वाचीत होते तोवर ते तिथून हलले नाहीत. आणि मी पान उलटताना मुद्दाम आवाज थोडा मोठा केला.